‘दर पन्नास फुटांवर बंप टाका’ : फिरत्या मेसेजला उत्तर

बडोद्यात कारेलीबागेपासून मांजलपूरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘मेन रोडचं ट्रॅफिक गल्लीत घुसतंय? दर पन्नास फुटांवर बंप टाका, गाड्या यायच्या बंद होतील. रबरी बंप ऑनलाइन मिळतात, परवानगी लागत नाही. दोन्ही टोकांना गेट बसवा, पोळींना (जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांना) दरवाजे होतेच की. नाहीतर गल्ली वन-वे करून घ्या. दोनशे सह्या जमवा, कॉर्पोरेशनला ऐकावंच लागेल.’

तक्रार खरी आहे, उपाय मात्र भलत्याच दुखण्यावरचे आहेत. गाड्यांचा वेग हे एक दुखणं, गाड्यांची संख्या हे दुसरं.

‘बंप टाकले की गाड्या यायच्या बंद होतील.’

हिशेब करून बघा. ४०० मीटरची गल्ली ताशी ४० किलोमीटरने ३६ सेकंदांत पार होते, ताशी २० ने ७२ सेकंदांत. म्हणजे बंपांनी चालकाची खाल्ली जेमतेम ३६ सेकंदं. बाहेर चार रस्त्यावर (चौकात) लाल दिवा ९० सेकंदांचा असेल, तर गल्ली अजूनही त्याच्या फायद्याचीच. तो सिग्नल चुकवायला आलाय. कंबर हादरली तरी येणारच.

बंपाने वेग उतरतो, आणि तेही कमी मोलाचं नाही. प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ५० ने येणारी गाडी थांबायला साधारण २८ मीटर लागतात, ३० ने येणारी १३-१४ मीटरांत थांबते. पण त्यासाठी बंप मापाचा हवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं माप असं: रुंदी (गाडी जाते त्या दिशेने) ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, कमानीची त्रिज्या १७ मीटर. यावरून गाडी ताशी २५ च्या आसपास आरामात जाते. एकामागे एक हवे असतील तर दोन बंपांत १०० ते १२० मीटर अंतर, आधी ४० मीटरवर सूचनाफलक, वर रंगाचे पट्टे. पन्नास फूट म्हणजे अवघे १५ मीटर! तेवढ्यात प्रत्येक गाडी ब्रेक मारणार, गिअर बदलणार, पुन्हा रेस करणार, आणि ते सगळं कुणाच्या तरी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली.

प्रत्यक्षात पडतो तो उरलेल्या डांबराचा जेमतेम दीड फूट रुंदीचा उंचवटा. त्यावर कारचं पोट घासतं, स्कूटरवर मागे बसलेल्याचा मणका दणकतो, आणि ॲम्ब्युलन्समधल्या फ्रॅक्चरच्या पेशंटचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय कडेला हातभर फट ठेवली की सगळ्या दुचाकी तिथूनच, म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावरून, जातात. फट ठेवली नाही तर पावसाचं पाणी बंपाच्या वरच्या अंगाला अडतं, डांबर सुटतं आणि दोन महिन्यांत बंपाच्या पायथ्याशी खड्डा तयार. बंप कडेपर्यंत हवा आणि पाण्याला खालून पाइप हवा, पण तो सहसा कुणी टाकत नाही.

‘रबरी बंप, परवानगी नको.’

रबराचे तुकडे बोल्टने डांबरात ठोकतात. बडोद्याच्या मे महिन्यात डांबर मऊ पडतं, जड गाडीच्या ब्रेकने बोल्ट हलतात, एक तुकडा निघून जातो आणि बोल्टचं डोकं वर राहतं. पुढे टायर फाटतो किंवा कुणी अडखळून पडतं. रस्ता सार्वजनिक असेल तर हा अडथळा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये बसू शकतो, आणि पहिला प्रश्न सोसायटीच्या चेअरमनलाच विचारला जातो.

‘गेट बसवा.’

आधी रस्ता कुणाचा ते बघा. कॉर्पोरेशनच्या टीपी स्कीमच्या (नगररचना योजनेच्या) नकाशात तो टीपी रोड म्हणून दाखवला असेल, तर तो सगळ्यांचा. गेट लावता येत नाही. सोसायटीच्या प्लॉटमधला आतला रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही उघडल्यावर पुरेशी मोकळी रुंदी ठेवा, कारण नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते आणि आगीच्या बंबाला वळायला त्याहून जास्त लागते. रात्री चावी कुणाकडे, हेही आधीच ठरवा.

पोळीचा दाखला मात्र उलटा लागू होतो. जुन्या शहरातल्या मांडवीच्या आसपासच्या अनेक पोळी पुढे बंद आहेत, म्हणून तिथून शॉर्टकट नाही. तिथे शांतता आहे ती दरवाजामुळे नव्हे, त्या बंद टोकामुळे. तेच गल्लीत करता येतं: मधोमध, जेमतेम १.२ मीटरच्या फटी ठेवून खांब. रहिवासी दोन्ही टोकांकडून घरी पोचतात, कार आणि रिक्षा आरपार जात नाहीत. आणीबाणीसाठी मधले दोन खांब कुलुपाने निघणारे ठेवावेत. दुचाकी मात्र फटीतून जाणारच. म्हणून आधी मोजणी करायची.

मोजणी अशी: गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस, घड्याळं जुळवलेली. मंगळवार ते गुरुवारातला शाळेचा साधा दिवस, सकाळी साडेनऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, नवरात्र-गणपती टाळा. लिहायला वेळ पुरत नाही, म्हणून मोबाइलवर बोलून नोंद करा: वेळ, वाहनाचा प्रकार, दिशा, नंबरचे शेवटचे चार आकडे. घरी बसून जुळवा. जी गाडी एका टोकाला दिसून तीन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला निघाली, ती आरपार. बाकीच्या तुमच्याच गल्लीच्या किंवा दुकानाच्या. नंबर जीजे-०६ (बडोद्याचा) नाही म्हणून बाहेरची, असं धरू नका. आरपार गाड्यांत कार जास्त निघाल्या तर खांब कामाचे. दुचाकीच जास्त असतील तर खांबांवर पैसे घालू नका. सिग्नलचा वेळ आणि गल्लीच्या तोंडाशी वळणबंदी यांवर भर द्या. (बऱ्याचदा निम्मी गर्दी आपल्याच शाळेच्या व्हॅनची आणि डिलिव्हरीवाल्यांची निघते. तेही कळलेलं बरं.)

‘वन-वे करा, निम्मं ट्रॅफिक कमी.’

समोरून कुणी येत नाही म्हटल्यावर वेग वाढतो, आणि मोकळ्या झालेल्या अर्ध्या रस्त्यावर गाड्या पार्क होतात. शेजारची गल्ली उलट दिशेने वन-वे करून आरपार वाट मोडली, तरच याला अर्थ आहे.

‘दोनशे सह्या जमवा.’

सह्यांवरून इंजिनिअरला काही ठरवता येत नाही. अर्ज ट्रॅफिक पोलिसांना, प्रत वॉर्ड ऑफिसला, आणि गुजरातीत. सोबत हाताने काढलेला नकाशा, मोजणीचा तक्ता, सिग्नलच्या लाल दिव्याची सेकंदं आणि मागणी एकच. वळणबंदी किंवा प्रवेशबंदीचा जाहेरनामा (अधिकृत आदेश) पोलिसांकडून निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली एक महिन्यापर्यंतच्या बंदीला राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून ‘कायमचं करा’ न म्हणता महिनाभराची चाचणी मागा; चाचणीला हो म्हणणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं. त्या महिन्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा, आणि शेजारच्या दोन गल्ल्याही मोजा. ट्रॅफिक तिकडे सरकलं असेल तर पुढचा अर्ज त्यांचा तुमच्याविरुद्ध असेल.