साचा चालता ठेवायचा असेल तर

गिरणगावाचा वाद निघाला की कुणीतरी मँचेस्टरचा दाखला देतंच: तिकडे बघा, गिरण्या कशा जपल्यात! मँचेस्टरकडे राहणाऱ्या माझ्यासारख्याला एवढंच सांगावंसं वाटतं, की तिथल्या ॲन्कोट्स या गिरण्यांच्या भागात नेमकं काय जपलं ते आधी बघा. मरे बंधूंची १७९८ची गिरणी उभी आहे, विटा स्वच्छ आहेत, बिडाचे खांब जागेवर आहेत. आत महागडे फ्लॅट आहेत. त्या भागातली कामगारवस्ती १९६०च्या दशकातल्या पाडापाडीतच बरीचशी उठली होती. मुंबईत फिनिक्स गिरणीची चिमणी राहिली आणि भोवती मॉल आला, त्यातलाच हा प्रकार; फक्त काम जास्त नेटकं.

शिकायचंच असेल तर लँकेशायरमधल्या बर्नलीजवळच्या हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल बघावी. बांधली १८९४ला, बंद पडली १९८२ला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. क्वीन स्ट्रीटमध्ये इमारतीबरोबर सुमारे तीनशे साचे (यंत्रमाग) आणि ५०० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिनही जागेवर राहिलं. तेही सुखासुखी नाही. २०१६ला कौन्सिलने पैशाअभावी तिथलं संग्रहालय बंद केलं, २०१८ला मोजक्या दिवसांपुरतं पुन्हा उघडलं.

असं इंजिन कळ दाबून चालू होत नाही. बॉयलर सावकाश तापवावा लागतो. घाई केली तर पत्रा सगळीकडे सारखा फुगत नाही आणि सांधे गळू लागतात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. ते कॉक उघडून आधी काढलं नाही, तर दट्ट्या त्यावर आदळतो, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे सिलिंडरचं झाकण फुटतं.

साच्याचंही तसंच. लँकेशायर साच्यात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा इकडून तिकडे जातो. त्याला ठोसा देणारा पिकर कच्च्या कातड्याचा. तो वेडावाकडा झिजला की धोटा उडतो, आणि उडालेला धोटा डोळा घेऊ शकतो. पिकरचा पट्टा थोडा सैल राहिला, तर धोटा पलीकडच्या पेटीपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी साचा धाडकन थांबला पाहिजे. थांबवणारी खुंटी बिघडलेली असेल, तर फणी अडकलेल्या धोट्यावर आपटते आणि शेकडो उभे धागे तुटतात. मग एकेक धागा वहीच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून पुन्हा ओवायचा. पट्टा किती ओढायचा हे पुस्तकात मिळत नाही. जॉबर, म्हणजे साचे लावून देणारा मुकादम, ठोशाच्या आवाजावरून ओळखतो.

आता काळाचौकीचं बघू. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होतं आहे, आणि पहिल्या टप्प्यात तलाव अन् संगीत कारंजं यांवर भर आहे. हा क्रम उलटा आहे. कारंजं कधीही बसवता येईल. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे.

‘आधी घरं, मग संग्रहालय’ असं म्हणणाऱ्यांचा राग मला पूर्ण पटतो. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. आता कामगारांना मुंबईबाहेर, दूर शेलू-वांगणीला घरं दाखवली जातात. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. सत्तरीतल्या जॉबरने वांगणीहून लोकलने लोंबकळत येऊन काळाचौकीला साचा शिकवावा, ही अपेक्षा कुणी धरू नये. घर मुंबईत हवं, म्हणजे साचाही मुंबईत चालेल.

एका बाबतीत आपण लँकेशायरपेक्षा सुदैवी आहोत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला धोट्याचे माग अजून चालतात, त्यामुळे पिकर, पट्टे, धोटे बाजारात मिळतात. इकडे लँकेशायरमध्ये असे भाग मुद्दाम घडवून घ्यायची वेळ येते.

काळाचौकीला सुरुवातीला बारा साचे पुरेत. दालन वातानुकूलित करू नये. कोरड्या हवेत खळ दिलेलं सूत ठिसूळ होऊन तुटत राहतं, मुंबईची दमट हवा त्याला मानवते. तीच खारी हवा उभ्या लोखंडाला मात्र गंज चढवते आणि जुनं तेल घट्ट होऊन बेअरिंग धरतात, म्हणून प्रत्येक साचा आठवड्यातून एकदा तरी फिरला पाहिजे, पावसाळ्यात दोनदा. सहा जुने कामगार आणि सहा शिकाऊ मुलं, दोन वर्षं, रोजच्या पाळीवर. जुन्यांना सत्काराची शाल नको, पगार द्यावा.