जे जवळ नाही ते देवाला कसे द्यायचे?

आज आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत पिकाची उपकारस्तुती, म्हणजे हाती आलेल्या पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना झाली. वर्षभर मी या रविवारची वाट पाहत असते. वेदीपुढे तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, कापसाची उमललेली बोंडे, कुणाच्या परसातला भोपळा आणि कुणाच्या घरची पाच-सहा अंडी मांडलेली असतात. उपासना संपली की त्यांचा लिलाव होतो, आणि दहा रुपयांचा भोपळा कुणीतरी आनंदाने शंभराला घेतो. यंदा मात्र मी रागाने घरी परतले. संध्याकाळ झाली तरी तो राग निवलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांनी सांगितले की देवाला जे द्याल ते शंभरपट होऊन परत येईल, आणि आज हातात पैसा नसेल तर विश्वासाने उसना घेऊन द्या, देव तो फेडील. त्यानंतर देणगीदारांची नावे रकमेसह ध्वनिक्षेपकावरून वाचण्यात आली आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. त्या यादीत आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या एका विधवा भगिनीचे नाव होते. रक्कम ५,००१ रुपये. गेल्या मंगळवारी हीच भगिनी माझ्या दारात उभी होती, कारण गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला तिला दोन हजार रुपये कमी पडत होते.

येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातले शंभरपट पीक हे ऐकलेल्या वचनाचे पीक आहे, हे आपल्या रविवारच्या शाळेतले लेकरूही सांगेल. त्याचा रुपयांशी संबंध जोडायला कुणाची जीभ कशी धजावते?

अशा वेळी मला माझी आजी आठवते. आजीला अक्षरओळख नव्हती. तीन एकर कोरडवाहू जमीन, एक गाय आणि चार लेकरे एवढाच तिचा संसार होता. तूर सोंगायला घेतली की धुऱ्याकडचे शेवटचे तास, म्हणजे बांधालगतची पिकाची ओळ, ती तशीच उभी ठेवायला लावी. मी एकदा विळा घेऊन तिकडे वळले, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "थे तास आपलं नोहे पोरी, थे सरव्याचं हाय." शेताच्या कडेचे पीक पार कापून नेऊ नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, ही बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञा आजीने वाचलेली नव्हती. पण रूथची गोष्ट तिला तोंडपाठ होती. मोआबातून आलेली ती तरुण विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम गाळत जा व तिला धमकावू नका. आजी म्हणे, बवाजाने तिच्या पदरात पायली टाकून तिला वाटेला लावले असते तर ती भिकारीण झाली असती. तिने स्वतःच्या हाताने वेचले, म्हणून ती ताठ मानेने सासूकडे गेली.

मंदिराच्या दानपेटीत आपली दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेच्या, म्हणजे तिच्या दोन टोल्यांचा दाखला देऊन गरिबांकडून पैसे काढणाऱ्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक ओवी मागे जाऊन वाचावे. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल प्रभू तिथे काय बोलतो, ते त्यांनी व्यासपीठावरून मोठ्याने वाचून दाखवावे. आणि तिने टाकलेल्या त्या दोन टोल्या तिच्या स्वतःच्या होत्या, कुणाकडून आठवड्याच्या हप्त्यावर आणलेल्या नव्हत्या. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी मागितली, तेव्हा त्याने स्पष्ट लिहिले की मनाची उत्सुकता असली म्हणजे ज्याच्याजवळ जसे असेल तसे ते मान्य होते, नसेल तसे नाही. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी ऐपतीपलीकडे दिले हे त्याच अध्यायात आहे, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी त्यांनी कर्ज काढले असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

याच व्यासपीठावरून मागच्या महिन्यात उद्योगीपणावर उपदेश झाला होता. अरे आळशा, मुंगीकडे जा, असे नीतिसूत्रांतले वचन मोठ्या आवाजात ऐकवले गेले. जी बाई पहाटे चारला उठून भाकरी थापते, दिवसभर कमरेला ओटी बांधून कापूस वेचते आणि किलोच्या भावाने मजुरी घेऊन अंधारात घरी येते, तिला मुंगीकडे पाठवताना आपल्याला काहीच वाटत नाही का? ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असे थेस्सलनीकाकरांना लिहिणारा पौल स्वतः राहुट्या करून पोट भरत होता आणि आपला भार कुणावर पडू नये म्हणून रात्रंदिवस राबत होता. वचन ऐकवणाऱ्याने त्याचे हातही पाहावेत.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ऑक्सफर्डमधल्या आपल्या मंडळीतील एका तरुणाविषयी सांगितले होते. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत, त्यांतले २८ तो स्वतःवर खर्च करी आणि २ देऊन टाकी. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी त्याने २८ मध्येच भागवले आणि ३२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले तेव्हा ९२ दिले. कष्ट, काटकसर आणि दान ही एकाच दोरीचे तीन पदर आहेत, हे त्या हिशेबातून मला जितके नीट कळले तितके कुठल्याच उपदेशातून कळले नाही. आजीला पौंड ठाऊक नव्हते, परंतु रोज सकाळी पीठ मळण्याआधी एक मूठ ज्वारीचे पीठ ती वेगळ्या डब्यात टाकी आणि रविवारी तो डबा पाळकांच्या घरी रिकामा करी. मिझोरममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकातला मूठभर तांदूळ असाच बाजूला काढत आल्या आहेत. त्या मुठीला कुणी टाळी वाजवत नाही.

किराणा दुकानात आजीच्या नावाची उधारीची वही नव्हती. काकांच्या लग्नात सर्वांनी बँडचा आग्रह धरला, तेव्हा तिने घरातली पोती मोजली आणि बँड नाही म्हणून सांगितले. मंडळीतल्या लोकांनीच गीते म्हटली. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस प्रभूने वर्णिला आहे, तो मी त्या दिवशी आमच्या ओसरीवर पाहिला. कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, हे तर शेंडगावच्या गाडगेबाबांनी याच मातीत खराटा हाती घेऊन जन्मभर सांगितले. पेरणीसाठी पीककर्ज घ्यावेच लागते, ते मीही घेते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

इथपर्यंत लिहिले आणि दार वाजले. तीच भगिनी होती. मंगळवारच्या दोन हजारांपैकी पाचशे रुपये परत करायला आली होती. मी चहा ठेवला आणि न राहवून विचारले की ५,००१ कुठून आणले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दुसऱ्या गटातून उचलले, बाई. पण आज पयल्यांदा माईकवर माह्यं नाव घेतलं कोनी. पोरगा मागं वळून पाहे."

माझ्याजवळ याचे उत्तर नव्हते. अजूनही नाही. दुपारपासून मी त्या यादीवर चिडले होते, पण आमच्या मंडळीत इतकी वर्षे येऊन तिचे नाव कुणी एकदाही घेतले नव्हते, त्यात मीही होते. वेचणीच्या पट्टीवर किलो लिहिताना तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे मी लिहीत असे.

पाचशे रुपये मी घेतले नाहीत, तर तिने ते टेबलावर ठेवले आणि उठली. उद्यापासून आमची तूर सोंगायला घेत आहोत. धुऱ्याकडची दोन तासे उभी राहतील असे मी सालदाराला आधीच सांगितले होते, ते तिला सांगितले. तिने विळा स्वतःचा आणीन म्हणून सांगितले आणि विचारले, "किती वाजता येऊ?"