आईच्या दुधात युरेनियम निघालं म्हणून लेकराचं दूध तोडू नका

आमच्या परभणी भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मतलब असा: 'आईच्या दुधात युरेनियम आणि प्लास्टिक सापडलं आहे. कपाशी-सोयाबीनवर औषध मारणाऱ्या गावांत तर आईचं दूध म्हणजे विषच. अंगावर पाजणं थांबवा, डब्याचं किंवा गाईचं दूध सुरू करा. पाजायचंच असेल तर आधी दूध लॅबमध्ये तपासा आणि फवारणीच्या दिवसांत पिळून फेका.' माझ्या ओळखीतल्या एका बाळंतिणीनं हे वाचून दोन महिन्यांच्या लेकराला बाटली लावली. सहा दिवसांत लेकरू जुलाबानं सुकलं, सलाईन लावायची वेळ आली. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

युरेनियमची बातमी खोटी नाही. बिहारमध्ये ४० मातांच्या दुधाचे नमुने तपासले, सगळ्यांत युरेनियम निघालं. सर्वांत जास्त आकडा होता लिटरला ५.२५ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ती मर्यादा तान्ह्या बाळासाठी काढलेली नाही हे खरं, आणि अभ्यासकांनी स्वतः ७० टक्के बाळांना त्रास होण्याची शक्यता मांडली हेही खरं. पण त्याच अभ्यासकांनी स्तनपान थांबवू नका असंही स्पष्ट सांगितलं, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं तेवढंच वाक्य गाळलं. आता साधा विचार करा. युरेनियम आलं कुठून? बहुधा बोअरच्या पाण्यातून. आई ते पाणी पिते, तेव्हा बराचसा भाग तिच्या शौच-लघवीवाटे निघून जातो आणि दुधात थोडा उतरतो. त्याच बोअरच्या पाण्यात पावडर कालवली, तर पाण्यात असेल नसेल ते सगळं थेट लेकराच्या पोटात जातं. मधली गाळणी आपणच काढून टाकतो.

मराठवाड्यात ही पाण्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि मेसेजमध्ये पाण्याचा शब्दसुद्धा नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर, नाहीतर जार. आपल्याकडच्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार जास्त निघतो. तो युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून जमिनीत मुरतो. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं दूध दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, लेकरू ओठ-नखांपासून निळं पडू लागतं. पाणी उकळून हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. आई मात्र असं पाणी प्यायली तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसं वाढत नाही. मग या गावात बाळाला जास्त सुरक्षित काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शिवाय डबा महाग असतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला छोटा डबा आठवडाभरही पुरत नाही, म्हणून मग चमचे कमी आणि पाणी जास्त. बाटलीची रबरी बोंडी चुलीपाशी तशीच पडलेली, तिच्यावर माश्या. लेकरं दगावतात ती यानं. स्तनपान सगळीकडे नीट झालं तर जगात वर्षाला ८ लाखांहून जास्त बालमृत्यू टळतील, असा हिशोब २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. दुधातल्या औषधांच्या अंशांच्या भीतीपोटी आपण हे संरक्षण काढून घ्यायला निघालो आहोत.

प्लास्टिकचंही असंच. इटलीत ३४ मातांपैकी २६ जणींच्या दुधात सूक्ष्म कण सापडले. पण २०२० मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून पावडर हलवताना लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटले. प्लास्टिकच्या भीतीनं लेकराच्या तोंडात प्लास्टिकची बाटली द्यायची?

आता फवारणी, कारण खरी धास्ती तिचीच आहे. शेजारच्या यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. आपल्या घरातलीही माणसं तोच पंप पाठीला लावतात, तेव्हा बाईला भीती वाटली तर तिचं काय चुकलं? पण सगळी औषधं एकसारखी नसतात. डीडीटी हे जुनं कीटकनाशक चरबीत साठतं, वर्षानुवर्षं निघत नाही आणि दुधात उतरतं. ते आईच्या दुधात पहिल्यांदा १९५१ मध्ये सापडलं. भारतात शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये १९७२ ते १९९७ या काळातले मातांच्या दुधाचे नमुने तपासले, तर डीडीटी सारखं घटत गेलेलं दिसलं. औषधावर बंदी आली म्हणून ते घटलं. बायांनी पाजणं थांबवलं नव्हतं. आज जी औषधं जास्त मारतात, त्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं जहाल आहेत, माणूस मारतात, पण डीडीटीसारखी चरबीत साठून राहत नाहीत. ज्या बाईला फवारणीनंतर लाळ सुटते, डोळ्यांपुढे अंधुक होतं, उलट्या होतात, तिला आधी दवाखान्यात न्यायचं. पाजायचं कधी ते डॉक्टर सांगतील.

पिळून फेकल्यानं साठलेलं औषध शरीरातून साफ होत नाही, फक्त लेकरू उपाशी राहतं. आणि लॅबमध्ये तपासून काय करणार? आलेल्या आकड्यावरून पाजायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरांकडे ठरलेली मर्यादाच नाही.

गाईचं दूध शुद्ध, हा तर भाबडा समज. गाय सरकीची पेंड आणि आपल्याच रानातला कडबा खाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १२ राज्यांतलं गाई-म्हशीचं दूध तपासून १९९३ मध्ये अहवाल दिला, त्यात बहुतांश नमुन्यांत डीडीटी आणि एचसीएच हे तसंच दुसरं कीटकनाशक होतं. तान्ह्या बाळाला त्यातून लोह कमी मिळतं, मूत्रपिंडांवर भार येतो, ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यानं लिहायला हवी होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आग्नेय तुर्कस्तानात लोकांनी बुरशीनाशक लावलेलं गव्हाचं बियाणं दळून खाल्लं. ते हेक्झाक्लोरोबेन्झिन आईच्या दुधातून उतरलं आणि अंगावर पिणारी लेकरं मोठ्या संख्येनं गेली. म्हणजे दुधातून विष जाऊ शकतं. म्हणून बीजप्रक्रिया केलेलं लाल-गुलाबी बियाणं उरलं तरी दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही. पोटुशी आणि पाजणाऱ्या बाईनं औषध कालवायचं नाही. फवारून आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही, त्याचे कपडे दुपट्यांत भिजवायचे नाहीत. मिश्री आणि तंबाखू सोडायची, निकोटीन दुधात उतरतं. सासूबाई-आजींनी हे सुनेला सांगावं, आणि पोरानं ऐकलं नाही तर त्यालाही.

हेही लिहिते, की काही बायांना आजारपणामुळे किंवा औषधोपचारामुळे खरंच पाजता येत नाही. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, तपासलेलं पाणी उकळून, बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं पाजावं. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. 'डबा सुरू करा' म्हणणारा मेसेज पुढे ढकलताना एवढं तरी आठवावं.

ज्यांनी मेसेज वाचून बाटली लावली, त्यांचं दूध बहुतेक वेळा परत येतं. लेकराला उघड्या अंगाशी धरा, दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी अंगाला लावा, वरचं दूध हळूहळू कमी करा. दूध लेकराच्या ओढण्यानंच वाढतं. आशाताईला घरी बोलवा, त्या शेजारी बसून नीट धरायला शिकवतील. वर सांगितलेल्या बाळंतिणीचं दूध पुरतं यायला नऊ दिवस लागले.