इंजिन बदलल्यानंतरचे इग्निशन टायमिंग : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

साठच्या दशकातील फोर्ड मस्टँग गाडीमध्ये नंतरच्या काळातील ५.० लिटर एचओ (हाय आउटपुट) इंजिन बसवल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कसे तपासावे, यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि त्यावर रोखठोक लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण स्वतः १९६७ च्या गाडीतील २८९ घनइंची इंजिन काढून तेथे १९८९ चे ५.० एचओ बसवले; कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी सिलिंडरांना वाटून देणारा भाग) आणि फ्लायव्हील जुन्या इंजिनाचेच ठेवले, आणि प्लगच्या वायरी जुन्या क्रमानेच जोडल्या. आता टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पहिल्या सिलिंडरवर, पिस्टन अगदी वर येण्याआधी, नेमके १० अंश दाखवते, तरीही इंजिन थरथरते आणि कार्ब्युरेटरमधून फाट्‍फाट् आवाज काढते. यावरून आपण तीन निष्कर्ष काढलेत : लाइटचा माझा आग्रह पुस्तकी आहे, जुने मेकॅनिक कानाने टायमिंग लावत तीच पद्धत खरी, आणि आपल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सदोष असला पाहिजे.

यातला तिसरा निष्कर्ष मी आधी घेतो, कारण त्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी आपण थांबावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॅमशाफ्ट बहुधा उत्तम आहे. तो फक्त वेगळ्या क्रमाचा आहे.

२८९ आणि सुरुवातीच्या ३०२ (म्हणजे ५.० लिटर) इंजिनांची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८ अशी आहे. एचओ इंजिनासाठी फोर्डने १९८२ पासून आपल्याच ३५१ विंडसर इंजिनाची ऑर्डर घेतली, ती १-३-७-२-६-५-४-८ अशी आहे. हे दोन क्रम एकाखाली एक लिहून पाहावेत. पहिला, दुसरा, सहावा आणि आठवा हे चार सिलिंडर दोन्हींत आपापल्या जागी राहतात. तिसरा व पाचवा यांची आपसात अदलाबदल होते, आणि तशीच चौथा व सातवा यांची. म्हणजे जुन्या क्रमाने वायरी जोडल्या, तर आठपैकी चार सिलिंडरना ठिणगी अगदी वेळेवर मिळते. त्यामुळेच इंजिन सुरू होते, कसेबसे चालते, आणि दोष कोठेतरी बारीकसारीक असावा असा समज होतो.

उरलेल्या चार सिलिंडरांचे काय होते, यातच आपल्या सगळ्या लक्षणांचा उलगडा आहे. अदलाबदल झालेल्या प्रत्येक जोडीतील दोन जागांमध्ये क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याचे, म्हणजे ३६० अंशांचे, अंतर आहे. परिणामी त्या चार सिलिंडरांत ठिणगी पडते ती कॉम्प्रेशनच्या शेवटी नव्हे, तर एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होतानाच्या क्षणी, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. त्या वेळी पेटलेल्या वायूला इनटेक मॅनिफोल्डचा रस्ता मोकळा असतो, आणि तोच आवाज आपल्याला कार्ब्युरेटरमधून ऐकू येतो.

मग लाइटने हे का सांगितले नाही? आपला प्रश्न रास्त आहे आणि मूळ लेखात याला जेवढी जागा दिली, त्याहून अधिक जागा त्याला मिळायला हवी. लाइट पहिल्या वायरीवर लावली की ती केवळ पहिल्या सिलिंडरविषयी बोलते, आणि आपला पहिला सिलिंडर योग्यच आहे. पण लाइट तिसऱ्या वायरीवर लावली असती तरीही दोष उघड झाला नसता. एक कार्यचक्र पूर्ण होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, आणि बॅलन्सरवरील (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील चाकावरील) खूण प्रत्येक फेऱ्यात एकदा पुढच्या कव्हरवरील स्थिर काट्यासमोर येते. ३६० अंशांनी चुकलेली ठिणगी आणि बरोबर ठिणगी या दोन्हींच्या वेळी क्रँकशाफ्ट एकाच स्थितीत असतो, म्हणून या दोहोंत फरक करणे लाइटला शक्यच नाही. डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला, तर त्याही बाबतीत हीच गोष्ट लागू पडते. लाइटचे हे अपुरेपण मला मान्य आहे. मात्र त्यामुळे ती निरुपयोगी ठरत नाही, ती कोणत्या टप्प्यावर वापरावी एवढेच ठरते.

क्रमाची खातरजमा करण्यासाठी लाइट लागत नाही आणि कानही लागत नाहीत. बॅटरीची तार काढावी, सर्व प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या छिद्रावर बोट ठेवून इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे. बोटाला दाब जाणवून पिस्टन अगदी वर आला की तो कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची स्थिती). तेथून क्रँकशाफ्ट आणखी ९० अंश फिरवताना एक बोट तिसऱ्या आणि एक बोट पाचव्या छिद्रावर ठेवावे. दाब तिसऱ्यात आला तर कॅमशाफ्ट एचओ क्रमाचा आहे, पाचव्यात आला तर जुन्या क्रमाचा. ही ऑर्डर ब्लॉकवर अवलंबून नसते, कॅमशाफ्टवर असते. आणि एवढ्या वर्षांत कोणी कॅमशाफ्ट बदललेला असू शकतो, म्हणून इंजिनाचे वर्ष पाहून विसंबणेही बरे नव्हे.

आता कानाचा प्रश्न. कानाने टायमिंग लावणाऱ्या जुन्या मेकॅनिकांबद्दल मला नितांत आदर आहे, पण ते ज्या इंजिनाचे टायमिंग लावत, त्यातला डिस्ट्रिब्युटर त्याच इंजिनाचा असे आणि त्याचे अॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) किती होते हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे. आपल्या गाडीत हे गृहीत धरता येत नाही. आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) बहुतेक इंजिनांना जास्त अॅडव्हान्स आवडते. डिस्ट्रिब्युटर फिरवत गेलो की आवाज गुळगुळीत होत जातो, व्हॅक्यूम गेजचा काटाही चढतो. समजा अशा रीतीने आपण १८ अंशांवर थांबलात आणि डिस्ट्रिब्युटरचे यांत्रिक अॅडव्हान्स २४ अंशांचे निघाले, तर वेग वाढल्यावर एकूण ४२ अंश होतात. या इंजिनाच्या मूळ हेड्सना साधारण ३४ ते ३६ अंश मानवतात. वरचा फरक चढावर, भरल्या गाडीत, नॉकिंगच्या (अवेळी ज्वलनाने होणाऱ्या ठकठकीच्या) रूपाने बाहेर येतो, आणि मोकळ्या एक्झॉस्टच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. कान जेथे सर्वाधिक हवा असतो, नेमका तेथेच तो कमी पडतो, आणि किंमत पिस्टनला आणि हेड गॅस्केटला मोजावी लागते.

आपल्या आक्षेपातला एक भाग मात्र अगदी खरा आहे, आणि मी त्याला दुजोरा देतो : बदललेल्या इंजिनावरील खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. आपल्या १९८९ च्या एचओ इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर यांत्रिक फ्युएल पंप बसवण्याची सोय नसते, शिवाय त्याचा वॉटर पंप उलट दिशेने फिरणारा असतो. म्हणून कार्ब्युरेटर ठेवणारे बहुतेक जण जुन्या इंजिनाचे कव्हर आणि पंप नव्या इंजिनावर चढवतात. मग काटा एका इंजिनाचा आणि खुणा असलेला बॅलन्सर दुसऱ्याचा, अशी जोडी जमते, आणि शून्याची खूण शून्यावर असेलच याची खात्री राहत नाही. त्यातच बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर जुने झाले की कडी सरकते आणि खूणही तिच्याबरोबर सरकते. यासाठीच लेखात पिस्टन स्टॉपचा (पिस्टनला वर येताना अडवणाऱ्या खुंटीचा) आग्रह धरला होता. पहिल्या प्लगच्या छिद्रात स्टॉप बसवावा, इंजिन हाताने एका दिशेला तो टेकेपर्यंत फिरवून काट्यासमोर बॅलन्सरवर रेघ मारावी, मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारावी. दोहोंचा मध्य हा खरा टीडीसी. स्टॉप बसवलेला असताना स्टार्टरला हात लावू नये, पिस्टनला भोक पडेल. हे झाल्यावर, आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी काढून तिचे तोंड बंद केल्यावरच, लाइटचा आकडा आकडा म्हणून वाचता येतो.

स्पाउट कनेक्टरविषयीचा (संगणकाचा टायमिंगचा संकेत तोडण्यासाठी काढायच्या छोट्या जोडाविषयीचा) परिच्छेद आपल्याला अनावश्यक वाटला. आपल्या गाडीत संगणक नाही, म्हणून आपल्यापुरता तो अनावश्यकच आहे. पण मूळ इंजेक्शन ठेवणाऱ्यांनी तो कनेक्टर काढल्याशिवाय १० अंश लावले, तर ते संगणकाने दिलेले अॅडव्हान्स मोजत असतात. त्या इंजिनाच्या मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये यांत्रिक वा व्हॅक्यूम अॅडव्हान्स मुळीच नसते, हेही त्यांना कळायला हवे.

आपल्या डिस्ट्रिब्युटरबद्दल एक काळजी मला जास्त वाटते. १९८५ पासूनच्या एचओ इंजिनांत पोलादी रोलर कॅमशाफ्ट आहे, आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर ओतीव लोखंडाचा असतो. ही जोडी एकत्र चालवली की गिअर झपाट्याने झिजतो, टायमिंग हळूहळू मागे सरकते आणि लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. आपण आज वायरी बरोबर लावल्यात आणि इंजिन सुरेख चालू लागले, तरी महिन्याभरात पुन्हा डिस्ट्रिब्युटर फिरवण्याची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा आपण पुन्हा टायमिंगला दोष द्याल. कृपया डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून गिअरचे दात पाहावेत आणि त्या जागी पोलादी गिअर बसवावा.

वायरींचा क्रम सुधारल्यावरही थरथर उरली, तर फ्लायव्हीलकडे वळावे. जुन्या २८९ चे फ्लायव्हील २८ औंस-इंच असमतोलाचे आहे, आणि १९८१ नंतरच्या ५.० ला ५० चे लागते. क्रँकशाफ्टवर ते व्यवस्थित बसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. चुकलेल्या ठिणगीची थरथर अनियमित असते आणि आयडलला अधिक जाणवते. फ्लायव्हीलची थरथर एकसारखी असते, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाही इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत जाते, आणि टायमिंग कितीही बदलले तरी तिच्यात फरक पडत नाही. अशी थरथर आढळली, तर योग्य फ्लायव्हील मिळेपर्यंत इंजिन वेगात फिरवू नये, कारण त्याचा मार मुख्य बेअरिंगवर बसतो.