कंसात नाव, कंसात साल, बाकी रामभरोसे

प्रबंध लिहायला बसलात ना, मग पहिलं म्हणजे संदर्भ हा वाचणाऱ्याला मूळ पुस्तकापर्यंत न्यायला असतो हे खूळ डोक्यातून काढा. कोणी जात नसतं हो तिथपर्यंत. संदर्भ असतो वजन पाडायला. 'ग्रामीण भागात पाणीटंचाई आहे' असं नुसतं लिहिलंत तर गाईड विचारणार कशावरून, तेच पुढे कंस उघडून (जाधव, २०१५, शिंदे आणि इतर, २०१७) ठोका, टंचाई लगेच सिद्ध. जिथे खरोखर आकडा दिलाय तिथे मात्र कंस नको, उगाच कोणी शोधायला गेलं तर पंचाईत.

एपीए, म्हणजे संदर्भ कसे द्यायचे ते सांगणारी एक नियमावली, म्हणते की दोन लेखकांचं आडनाव एकच असेल तर मजकुरात आद्याक्षरं द्या, आणि एकाच माणसाचं एकाच वर्षातलं दोनदा वापरलंत तर सालाला अ, ब लावा. हे नियम करणाऱ्यांनी महाराष्ट्र बघितलेला दिसत नाही. तुम्ही सरळ (पाटील, २०१६) लिहा, वाचणाऱ्या प्रत्येक पाटलाला तो आपलाच वाटेल आणि तुमचं कोणाशी वाकडं येणार नाही.

कंस टाकायचा पॅराच्या अगदी शेवटी. वरची दोन वाक्यं पेपरातली, मधली तीन सिनियरच्या प्रबंधातली, एखादं तुमचं स्वतःचं, आणि मग (देशपांडे, १९९८). यातलं देशपांडेंचं नक्की कुठलं ते देशपांडेंनाही सांगता येऊ नये. शब्दशः उतारा घेतला की पान नंबर द्यावा लागतो, एमएलए या दुसऱ्या नियमावलीवाले तर कंसात सालाऐवजी पानच मागतात, पण तुम्ही देऊ नका. चारशे पानांचं पुस्तक आहे, ज्याला गरज असेल तो वाचेल की सगळं, तेवढंच वाचन वाढतं लोकांचं.

मूळ लेख वाचायचा का, असं दबक्या आवाजात विचारणारे असतात काही. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी, संदर्भातली छपाईची चूक एकाच्या पेपरमधून दुसऱ्याच्या पेपरमध्ये जशीच्या तशी कशी उतरत जाते ते बघून अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ लेख वाचतात. (हाही पेपर न वाचता टाकणारे असणारच.) खरं तर लेख अस्तित्वात असायचीही सक्ती नाही. एल्सेव्हिअर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये व्हान डर गीर, २००० असा एक नमुन्यादाखल रचलेला संदर्भ होता, तसा लेख कोणी कधी लिहिलाच नाही, तरी तो शेकड्याने पेपरांच्या यादीत जाऊन बसलाय. आणि कंसात काय आहे ते तपासतं कोण? २०१४ मध्ये 'इथॉलॉजी' जर्नलात माशांवरचा एक पेपर आला, त्यात वाक्याच्या मधोमध कंसात, अमक्याचा तो भिकार पेपर इथे टाकायचा का, असा लेखकांचा आपसातला प्रश्न तसाच छापून आला. रिव्ह्यूअर, एडिटर, प्रूफ बघणारा, सगळ्यांच्या नाकाखालून गेला तो.

राहिला प्लॅजरिझम रिपोर्ट, म्हणजे तुमचा मजकूर दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरने काढून दिलेला कागद. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६०च्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. अवतरणचिन्हं घालून नीट संदर्भ दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत, म्हणजे सरळ रस्ता आहे, पण सरळ रस्त्याने जायचं तर कोणाचं काय घेतलं ते सांगावं लागतं ना. त्यापेक्षा सामान्य ज्ञानाचे सलग चौदा शब्द चालतात हे कुठेतरी लिहिलंय, ते घट्ट धरून ठेवा आणि दर पंधरावा शब्द बदला, 'शेतकरी'चं 'कृषक' करा, 'पाणी'चं 'जल' करा, वाचताना आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटलं तरी चालेल. मराठीत लिहिणाऱ्यांची तर चैनच आहे, जुने प्रबंध श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेले नाहीतर स्कॅन करून चढवलेले, सॉफ्टवेअरला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

शेवटचं काम, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून कोण येणार ते गाईडकडून हळूच काढून घ्या आणि त्या सरांचं नाव प्रत्येक प्रकरणात निदान दोनदा कंसात येईल असं बघा, त्यांचा लेख कांद्याच्या मार्केटिंगवर आणि तुमचा विषय संतकाव्य असला तरी. सर प्रबंध हातात घेतील तेव्हा थेट मागची यादी उघडतील आणि स्वतःच्या अक्षरापाशी जाऊन थांबतील. तेवढं एक आडनाव मात्र ऱ्हस्व-दीर्घासकट तपासून घ्या.