विषुववृत्तावरील घड्याळाविषयी खुलासा
विषुववृत्तावरील घड्याळ ध्रुवावरील घड्याळापेक्षा हळू चालते, असे विधान, गतिमान घड्याळ हळू चालते असे सांगणाऱ्या आइनस्टाइन यांच्या १९०५ च्या शोधनिबंधाच्या आधारे केले जाते. आधार खरा आहे. मात्र त्या निबंधात गुरुत्वाकर्षणाचा विचार नव्हता, म्हणून निष्कर्ष अपुरा ठरतो. विषुववृत्तावर परिवलनाचा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असल्याने तेथील घड्याळ दिवसाला जवळपास १०० नॅनोसेकंद मागे पडायला हवे. परंतु त्याच परिवलनामुळे पृथ्वी तेथे फुगलेली असून समुद्रसपाटी केंद्रापासून ध्रुवापेक्षा सुमारे २१ किलोमीटर अधिक दूर आहे, आणि केंद्रापासून दूर घड्याळ जलद चालत असल्याने गुरुत्वाचा परिणाम घड्याळाला तितकेच पुढे नेतो. हा योगायोग नव्हे (तसा तो वाटतो खरा): आदर्श समुद्रसपाटी म्हणजे गुरुत्व व परिवलन यांचे एकत्रित विभव (प्रति एकक वस्तुमान ऊर्जा, जिच्यावर घड्याळाची गती ठरते) सर्वत्र सारखे असणारा पृष्ठभाग होय.