ही खुर्ची दरबारातली नाही, आपल्या मुंबईतलीच आहे

चोर बाजारातल्या काळ्या शिसवी खुर्चीच्या फोटोवाला मेसेज परत फिरतोय, ही म्हणे मराठा दरबारातली खुर्ची, जितकं कोरीवकाम जास्त तितका मानकरी मोठा, आणि इंग्रजांनी वाडे लुटून ह्या मुंबईत आणून विकल्या. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एक तर आपल्या दरबारात खुर्च्यांची पद्धतच नव्हती, बैठक असायची, गादी, लोड, तक्के. पेशवे आणि इंग्रजांच्या १७९० च्या तहाचं थॉमस डॅनिएलचं चित्र शोधून बघा, सवाई माधवराव बैठकीवर आहेत आणि इंग्रजांचा वकील मॅलेट, तोसुद्धा खालीच बसलाय. गादीच्या किती जवळ बसायला मिळतं त्यावर मान कळायचा, लाकडावरच्या वेलबुट्टीवर नाही.

सिंहासनं होती ना, पण तिथे लाकूड दिसतच नाही! पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचं सिंहासन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आत लाकूड पण वरून सगळा सोन्याचा पत्रा आणि नक्षी त्या सोन्यावर. शिवाय महाराज स्वतः बरेचदा गालिच्यावरच मांडी घालून बसायचे.

लूट झालीच, ते कोण नाकारतंय. नादिरशहाने १७३९ ला मयूरासन नेलं, टिपूचं सिंहासन १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर तोडून तुकडे वाटून घेतले, पण ते सोन्या-रत्नांसाठी. शिसवी खुर्च्यांचा त्या लुटीशी काही संबंध नाही.

मग ह्या खुर्च्या आल्या कुठून? इथूनच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा धंदा होता, बाहेर ह्याला बॉम्बे ब्लॅकवूड म्हणूनच ओळखतात, सोफे, गोल टेबलं, फुलदाणीचे स्टँड, घाट सगळा युरोपियन आणि त्यावर पानं, वेली, पक्षी इतके खोल आरपार कोरलेले की मागचा उजेड दिसतो. गिऱ्हाईक कोण, तर साहेबलोक आणि पैसेवाली पारशी वगैरे घरं, म्हणजे हा दिवाणखान्याचा थाट, दरबाराचा नाही. मला राग येतो तो ह्याचाच, की ज्या सुतारांनी पटाशी घेऊन हे काम केलं त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत आणि आता कामाचं श्रेय पण आपण कुठल्यातरी न झालेल्या दरबाराला देऊन टाकतोय.

फोटो पुढे पाठवायचाच असेल तर खालचं कॅप्शन काढा आणि "मुंबईच्या कारागिरांचं काम" एवढंच लिहा.